चारला कुणी नाही

१

समोर असला की सगळे त्याला साहेब म्हणत, पाठ वळली की काटा. वजनमाप खात्यात तो एकतीस वर्षं निरीक्षक होता. पितळी वजनांची पेटी घेऊन तो बाजारात शिरायचा, तराजू तपासायचा आणि माप मारणारा सापडला की एकच शब्द उच्चारायचा, "उणं." मग दुकानदारानं पाया पडावं, थंडगार काहीतरी मागवावं, वरच्या कुणाची ओळख सांगावी, सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

माणसांविषयी त्याला फारसा आदर नव्हता आणि तो आहे असं दाखवायचा त्रासही तो घेत नसे. पारड्याखाली चिकटवलेली चुंबकं त्यानं पाहिली होती, आतून पोखरलेली वजनं पाहिली होती. भिंतीवर 'सचोटी हाच आमचा धर्म' अशी पाटी आणि तिच्या बरोबर खाली किलोला साठ ग्रॅम खाणारा काटा, हे तर रोजचंच. पाटी जितकी मोठी तितका काटा खोटा, असा त्याचा हिशेब होता आणि तो कधी चुकला नव्हता.

त्या दिवशी तो एका हार्डवेअरच्या दुकानात होता. दुकानदारानं खिळ्यांची पुडी पुढे केली.

"अर्धा किलो, साहेब. डोळे मिटून घ्या."

काट्यानं पुडी तळहातावर घेतली, हात किंचित खालीवर केला. "चारशे साठ."

काट्यावर ठेवली तर चारशे अठ्ठावन्न भरली. दुकानदाराचं तोंड उतरलं. "साहेब, तुमचा हात आहे का मशीन?"

"मशीनला लाज नसते. उणं. वजनं बाहेर काढ."

तेवढ्यात भाचीचा फोन आला. ती कधी कामाच्या वेळी फोन करत नसे.

"मामा, आई हॉस्पिटलातून निघून आली."

"निघून आली म्हणजे काय? तिला आज भरती करणार होते ना?"

"कागद झाले, खाट मिळाली. हिनं घड्याळ बघितलं आणि म्हणाली, तीन वाजायला आले, माझा तास आहे. चपला घातल्या आणि निघाली. मामा, तिच्याच्यानं चप्पल नीट घालवतसुद्धा नाही रे. पाय बघितलास का तिचा?"

काट्यानं पितळी वजनं एकेक करून चिमट्यानं पेटीत ठेवली. प्रमाण वजनाला उघडा हात लावायचा नसतो. घामानंसुद्धा त्याचं माप बिघडतं. राग आला होता, पण चिमटा हलला नाही.

२

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हा चार वर्षांचा होता. त्याला आंघोळ घालण्यापासून शाळेत पहिल्या दिवशी फरफटत नेण्यापर्यंत सगळं तिनं केलं. जगात तो कुणाचं ऐकत असेल तर तिचं, आणि तेही अर्धंच.

ती खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. उजव्या पायाचा अंगठा जळून विझलेल्या काडीच्या टोकासारखा काळा पडला होता. खोलीत फिनेलचा वास होता आणि फिनेलखाली दुसरा एक वास होता.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"सहा दिवस इंजेक्शनं, साखर खाली आणायची आणि सातव्या दिवशी अंगठा काढायचा. नाहीतर पुढे गुडघ्यापासून."

"आणि तू तिथून उठून आलीस."

"माझा तास होता."

हा तास म्हणजे काय ते सांगायला हवं. ताई ज्या मंडळीत जायची तिथे प्रार्थनेच्या सभागृहामागे एक छोटी खोली होती. तिला राखणीची खोली म्हणत. दिवसाचे चोवीस तास तिथे एक ना एक विश्वासी खुर्चीवर बसलेला असे, प्रत्येकाचा तास ठरलेला. वचन असं होतं की जे धीरानं, न सोडता बसतील त्यांना परीक्षेची घटका येईल तेव्हा राखलं जाईल. सगळ्या जगावर जे यायचं ते त्यांच्या उंबऱ्यापाशी थांबेल. ताई अकरा वर्षं दुपारी तीन ते चार बसत होती. ताप असो, पाऊस असो, नवऱ्याचं मरण असो.

"बाबांनाही असंच राखलं होतं ना तुमच्या मंडळीनं?" काटा म्हणाला. "छातीत न्यूमोनिया आणि खाटेभोवती सात जण डोळे मिटून. आठव्या दिवशी राखणीतून थेट पेटीत."

"बाबा शांतपणे गेले."

"श्वासच येत नव्हता, आवाज कशाचा करणार?"

ताईला हसू आलं आणि त्याचाच तिला राग आला. "जीभ आहे का कानस तुझी? दिसेल त्याला घासत सुटतोस."

"ताई, पाय जाईल."

"माहीत आहे मला. मला काय पाय नकोय? पण तीनला कोण बसेल सांग. सगळ्यांचे तास वाटलेले आहेत. बदली बसायला रक्ताचंच माणूस लागतं, आणि पोर सहापर्यंत कारखान्यात."

"मग राहू दे आठवडाभर रिकामा. जग काय बुडणार आहे?"

"धीर धरणाराच उठून गेला तर राखणारा कशाला थांबेल?" हे तिनं अगदी साधेपणानं म्हटलं. मूर्खपणाशी भांडता येतं, साधेपणाशी कसं भांडायचं?

"मी बसतो," तो म्हणाला.

"तू?"

"रक्ताचा आहे ना? नियमात विश्वासाचं काही लिहिलंय का?"

"नाही. फक्त बसायचं. मध्ये उठायचं नाही. मागून खांद्यावर हात आला की सुटलास. डावीकडच्या दारानं बाहेर पडायचं, मागे बघायचं नाही. आणि ऐक, एक दिवस जरी तास मोडला तर मी त्या क्षणी खाटेवरून उतरून घरी येईन. मला ओळखतोस तू."

तो ओळखत होता. ती आली असती, सलाइनची सुई ओढून काढून आली असती.

३

ताई हॉस्पिटलात भरती झाली त्याच दुपारी पाळक मंडळीच्या दारातच त्याला भेटला. गुळगुळीत चेहरा, गुळगुळीत आवाज, बोलताना समोरच्याचा हात दोन्ही हातांत धरायची सवय. गेल्या वर्षी छातीत कळ आली तेव्हा हा गृहस्थ धीर धरून बसला नव्हता, वीस मिनिटांत शहरातल्या सगळ्यात महागड्या हॉस्पिटलात होता, हे काट्याला पक्कं ठाऊक होतं.

"भाऊ, तुम्ही आलात, आनंद वाटला. धीराचं फळ..."

"फळ राहू द्या. खोली कुठे आहे?"

"तुमचा विश्वास नाही, ठाऊक आहे मला," पाळक हसला. "पण बसण्यातही एक साक्ष असते."

"माझी साक्ष कोर्टात चालते. तुमची कुठे चालते?" असं म्हणून काटा पुढे गेला.

खोली आठ बाय दहाची. लाकडी फळ्यांची जमीन, वर एक झरोका, समोरच्या भिंतीवर काचेचं गोल घड्याळ आणि त्याखाली निळ्या रंगात रंगवलेलं वाक्य: धीर धरणाऱ्याला मी राखीन. पाटी मोठी होती. काट्याच्या ओठाचा कोपरा मुरडला. भिंतीकडे तोंड केलेली एक खुर्ची, तिच्यावर एक शिवणकाम करणारी बाई बसलेली. आत येण्याचं दार खुर्चीच्या मागे, बाहेर जाण्याचं डावीकडे.

मागच्या दारातून पाऊल टाकलं तशी तिसरी फळी करकरली. नुसती करकरली नाही, दुखऱ्या माणसानं कण्हावं तशी कण्हली. सांगितल्याप्रमाणे त्यानं बाईच्या खांद्यावर हात ठेवला. ती उठली, मागे न बघता डावीकडच्या दारानं गेली. तो बसला.

एक तास म्हणजे साठ मिनिटं, इतकंच. त्यानं त्या वेळात मनातल्या मनात पाळकाच्या नावे एक अर्ज लिहिला, सरकारला, सही-शिक्क्यासह. घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. चार वाजले आणि उजव्या खांद्यावर हात आला.

चारशे ग्रॅम. त्याच्या मनानं आपोआप आकडा सांगितला, सवयच ती. मोठ्या माणसाचा निवांत टेकवलेला हात तेवढाच भरतो.

तो उठला, डावीकडच्या दारानं बाहेर पडला. अंगण ओलांडून फाटकापर्यंत आला आणि तिथे थांबला.

फळी वाजली नव्हती.

४

दुसऱ्या दिवशी हात नऊशे ग्रॅमचा होता. फळी वाजली नाही.

तिसऱ्या दिवशी दोन किलो. फळी वाजली नाही.

काटा काही घाबरणारा माणूस नव्हता. त्यानं बसल्या बसल्या विचार केला. कुणीतरी अनवाणी येतं, तिसरी फळी ओलांडून मोठं पाऊल टाकतं, आणि रोज थोडा जास्त जोर देतं. कुणीतरी म्हणजे पाळकच. दुसरं कोण? नास्तिकाला वठणीवर आणायची ही जुनी तऱ्हा. बाजारात भाजीवाल्या बोट लावून पारडं दाबतात, इथे खांदा दाबतात. माल वेगळा, धंदा तोच. त्याला जवळजवळ बरं वाटलं.

चौथ्या दिवशी हात साडेतीन किलोंचा झाला. उठताना त्याचा तोल गेला. तिथून तो तडक हॉस्पिटलात गेला.

ताई खाटेवर बसून भाचीनं आणलेलं वर्तमानपत्र वाचत होती. साखर उतरत होती. गालावर रंग आला होता.

"तुमच्या चारवाल्याला सांग," तो म्हणाला, "हात जरा बेतानं ठेव. खांदा आहे, खुंटी नाही."

ताईनं चष्म्यावरून पाहिलं. "कोण चारवाला?"

"चारला जो बसतो तो."

"चारला कुणी नाही रे."

वॉर्डात कुणाचीतरी थाळी खाली पडली, गोल गोल फिरत शांत झाली.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. चारचा तास कधी कुणाला दिलेलाच नाही. पाचला शिंपी येतो. तो म्हणतो, खोली रिकामी असते पण खुर्ची गरम असते." तिनं वर्तमानपत्राची घडी घातली. "म्हणून तर मी तीन सोडत नाही. बाकीच्यांना माणसं सोडवतात. मला..." तिनं स्वतःचा उजवा खांदा हातानं हळूच झाकला, नव्या नवरीनं झाकावा तसा.

"आणि तू कधी मागे बघितलं नाहीस? अकरा वर्षांत?"

"कशाला बघायचं? पाखरू येऊन बसल्यासारखा असतो हात. पाखराकडे वळून बघितलं तर ते उडतं."

किती सहज फसतात ही माणसं, काट्याला वाटलं. पाळकाला खोटंसुद्धा बोलावं लागत नाही. एक तास रिकामा ठेवला की बाकीचं काम यांची भक्तीच करते.

५

पाचव्या दिवशी तो तयारीनं गेला. एका भंगारवाल्याकडून जप्त केलेला इलेक्ट्रॉनिक काटा त्यानं पिशवीत घातला. दीड फूट लांबीरुंदीचा पाटा, वायर आणि वायरीच्या टोकाला आकडे दाखवणारी डबी. शिवणवाली बाई उठून गेल्यावर त्यानं मागच्या दाराला आतून कडी घातली. खुर्ची पाट्यावर ठेवली. डबी समोर, घड्याळाखाली. नुसती खुर्ची पाच किलो सहाशे.

गणित सोपं होतं. कुणी खांदा दाबला की आकडा वाढणार. किती वाढला ते कळलं की दाबणाऱ्याची ताकद कळली, आणि आकडा वाढताना मान वळवली की पाळकाचा गुळगुळीत चेहरा रंगेहाथ.

तो बसला. डबीवर आले पंचाहत्तर किलो आठशे.

म्हणजे तो स्वतः सत्तर किलो दोनशे. त्यानं पुन्हा वजाबाकी केली. गेली दहा वर्षं त्याचं वजन सत्त्याहत्तर होतं. ते त्याला पाठ होतं, काटे तपासताना तो आधी स्वतः उभा राहून बघत असे. जवळजवळ सात किलो कमी. धावपळ झाली असेल, जेवणाची आबाळ झाली असेल. पण कमरेचा पट्टा त्याच भोकावर होता. त्यानं बोट घालून पाहिलं, तसूभरही सैल नव्हता.

चार दिवसांचे हात त्यानं मनात मांडले. चारशे, नऊशे, दोन किलो, साडेतीन. बेरीज केली आणि ती करून टाकल्याचा पश्चात्ताप झाला.

चार वाजले. हात आला. पाच किलो, त्याच्या खांद्यानं सांगितलं. हाड खाली दबलं, पाठीचा कणा वाकला, तळपाय पाट्यात रुतले.

डबीवरचा आकडा उतरू लागला. पंचाहत्तर. चौऱ्याहत्तर. त्र्याहत्तर. दबाव खाली होता आणि आकडाही खाली चालला होता. सत्तर आठशेवर तो थांबला, आणि हात उचलला गेला. आकडा परत वर आला नाही.

मान वळवायचं त्यानं ठरवलं होतं. वळवली तेव्हा बराच वेळ गेला होता. दार बंद होतं. कडी त्यानं घातली तशीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात त्यानं तो काटा प्रमाण वजनांवर तपासला. एक किलो, पाच किलो, दहा, वीस. ग्रॅमचाही फरक नाही. त्याच्या एकतीस वर्षांच्या नोकरीत इतका इमानदार काटा त्याच्या हाताखालून गेला नव्हता.

६

सहाव्या दिवशी हात दहा किलोंचा होता. त्यानं आकडा बघितला आणि डबी उलटी करून ठेवली.

संध्याकाळी वॉर्डात डॉक्टर ताईच्या खाटेपाशी होते. घाईतला, झोप न झालेला, सरळ बोलणारा माणूस. या सहा दिवसांत काट्याला मनापासून आवडलेला तो एकटाच.

"उद्या दुपारी तीनला घेतो. फक्त अंगठा. वेळेत आलात, पाय वाचेल. आता पळून जाऊ नका म्हणजे झालं," डॉक्टर ताईला म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

"तीनला," ताई म्हणाली. "माझ्याच तासाला. बघ, कसं जुळवून आणलंय."

"ऑपरेशन थिएटर तेव्हा रिकामं आहे म्हणून. बाकी कुणी काही जुळवलेलं नाही."

ती हसली. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघता बघता तिचं हसू मावळलं. "इकडे ये. बस. असा का चालतोस तू?"

"कसा?"

"माहीत नाही. पाण्यातून चालल्यासारखा." तिनं त्याचं मनगट धरलं, आणि का कोण जाणे, पटकन घट्ट धरलं. "खरं सांग मला. हात कसा लागतो तुला?"

"कसा म्हणजे? हातासारखा."

"माझ्या आधी तीनला एक म्हातारी बसायची. तास माझ्या हवाली करताना तिनं एकच गोष्ट सांगितली. हात हलका लागतो तोवर बसायचं. जड लागायला लागला तर उठून यायचं, तास मोडला तरी चालेल. जड हात म्हणजे राखणं नव्हे."

"मग काय?"

"ते तिनं सांगितलं नाही. मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही, मला कधी जड लागलाच नाही." ताईनं चादर बाजूला केली, पाय खाली सोडले, चपला शोधू लागली. "जड लागत असेल तर आत्ता सांग. मी घरी येते. अंगठ्याचं काय व्हायचं ते होईल. तुला वाढवलाय मी, असा तसा नाही गमावणार."

तिच्या काळ्या अंगठ्याभोवतीची पट्टी फरशीला टेकली होती. पट्टीखालून लाल रेघ घोट्याकडे निघाली होती, आणि घोट्यापासून गुडघा किती लांब असतो ते कुणालाही दिसतं.

एकतीस वर्षं. पैसे घेऊन नाही, भीती दाखवून नाही, मंत्र्याच्या मेव्हण्यासाठीसुद्धा नाही. काट्यानं कधी एका ग्रॅमचंही खोटं वजन सांगितलं नव्हतं.

"हलका आहे," तो म्हणाला. "पाखरू बसल्यासारखा."

"शपथ?"

"माझ्यासारख्याच्या शपथेची किंमत काय गं? झोप आता. चपला वर ठेव."

तिनं पाय वर घेतले.

७

सातव्या दिवशी शिवणवाल्या बाईला खांद्यावर हात ठेवलाय हे कळायला वेळ लागला. दोनदा ठेवावा लागला.

तो बसला. कडी घातली नाही, उपयोग नव्हता. डबी मात्र सरळ करून समोर ठेवली. आयुष्यभर दुसऱ्यांना आकड्याकडे बघायला लावलं, आता आपण डोळे मिटायचे, हे त्याला मंजूर नव्हतं. साठ किलो आठशे. त्यात खुर्ची पाच सहाशे.

तीन वाजून दहा मिनिटं. आता तिला आत नेलं असेल.

साडेतीन. उठता येत होतं. डावीकडचं दार चार पावलांवर, उघडं, बाहेर अंगणात ऊन. पण तो उठला आणि कुणी तिला फोनवर सांगितलं, तास मोडला, तर टेबलावरून उतरायलाही ती कमी करणार नाही. मूर्ख बाई. त्यानं तिला मनातल्या मनात मनसोक्त शिव्या दिल्या, पाळकाला दिल्या, बाबांच्या खाटेभोवतीच्या त्या सात जणांना दिल्या. धीर! धीर म्हणजे काय, तर दुसऱ्याच्या पायासाठी खुर्चीला चिकटून बसणं. त्याला फळ नको होतं, वचन नको होतं, राखणाराही नको होता. त्याला फक्त चार वाजायला हवे होते. आणि चार वाजायला नकोही होते.

पावणेचार. चारला पाच कमी. घड्याळाच्या काचेत मागचं दार दिसत होतं, बंद. दारापासून खुर्चीपर्यंतच्या फळ्या दिसत होत्या, रिकाम्या.

चार वाजले, आणि या वेळी वजन दोन्ही खांद्यांवर एकदम आलं.

त्याला ते वजन सांगता आलं नाही. तेवढं वजन कधी त्याच्या तळहातावर आलंच नव्हतं. डबीवर पन्नास, चाळीस, बत्तीस. त्यानं काचेत पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. फक्त त्याच्या सदऱ्याच्या खांद्यांवर, दोन्ही बाजूंनी, कापड आत दाबलं गेलं होतं. बोटांचे खळगे नव्हते. एका बाजूला एक अरुंद, सरळ खाच. दुसऱ्या बाजूला तशीच एक.

ही पकड त्याच्या ओळखीची होती. घामानं माप बिघडू नये म्हणून हात न लावता, घाई न करता, माया न करता, रागही न करता, पेटीतलं वजन असंच धरतात आणि असंच उचलतात.

वीस. अकरा. सात.

पाच सहाशे.

डबी तिथे थांबली. लुकलुकली नाही, चुकली नाही. त्या आकड्यात खुर्ची पुरती होती, आणि तो खुर्चीवर बसलेला होता.

"उणं," तो म्हणाला. आवाज नेहमीचाच होता.

खिशात फोन वाजला. भाची रडत हसत होती. "मामा, झालं! फक्त अंगठा गेला. डॉक्टर म्हणाले, पाय अगदी सुरक्षित आहे. मामा, ऐकतोयस ना?"

"ऐकतोय," तो म्हणाला.

तो उठला, आणि आज मुद्दाम मागच्या दाराकडे गेला. तिसऱ्या फळीवर त्यानं पाय ठेवला. मग दुसराही ठेवला. मग तिच्यावर दोन्ही पायांनी उडी मारली.

सभागृहात पाळक कुणाला तरी धीराचं फळ समजावून सांगत होता. त्याचा शब्द न शब्द आत ऐकू येत होता. खोलीत दुसरा आवाजच नव्हता.

८

ताईला अजून गुंगी होती. पायाला पांढरंशुभ्र बँडेज, खाटेशेजारी भाची पेंगलेली. काटा दोघींच्या मधून आला, कुणाला चाहूल लागली नाही.

तो उशाशी उभा राहिला. तिच्या कपाळावर घामानं केस चिकटले होते. हिनंच त्याला पहिल्यांदा दुकानात नेलं होतं, तराजूच्या पारड्यात बसवलं होतं आणि म्हणाली होती, बघू माझा भाऊ किती किलोंचा. तेव्हा तो सोळा किलोंचा होता. अजून आठवत होतं.

त्यानं हात पुढे केला आणि तिच्या उजव्या खांद्यावर ठेवला. पूर्ण, जोर लावून ठेवला.

ताईच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. डोळे मिटलेलेच. हॉस्पिटलातला तिचा हा सातवा दिवस, तरी अकरा वर्षांची सवय अंगातून गेली नव्हती. तिनं खाटेवरून उठायची खटपट सुरू केली, डावीकडे वळून.

"आलास?" ती म्हणाली. "चार वाजले वाटतं."